‘स्वतःच्या जबाबदारीवर’ लिहून घेतलं, म्हणजे आयोजक सुटला का? बोटिंग, राफ्टिंगमधल्या अपघातांचा कायदा समजून घ्या

२१ मे २०२४. संध्याकाळची वेळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी एक बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात सापडली आणि उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठावर आला. बाकीच्या सहा जणांचा मृत्यू झाला, त्यात दोन लहान मुलं होती. एनडीआरएफची पथकं आली, पण मृतदेह हाती लागायला दोन दिवस लागले.

ही बोट पर्यटनाची नव्हती. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून दोन्ही काठांवरची माणसं वर्षानुवर्षं अशीच पाण्यातून ये-जा करत आली आहेत. पण याच उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळ परिसरात, हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला गर्दी होते. सुपे, बारामती, दौंडपासून पुण्या-मुंबईपर्यंतचे लोक येतात, होडीत बसतात, फोटो काढतात. सुट्टी मोठी असेल तर कोलाडला राफ्टिंग किंवा पाचगणी, कामशेतला पॅराग्लायडिंग.

अशा ठिकाणी एक कागद पुढे येतो किंवा मोबाइलवर ‘आय ॲग्री’चं बटण येतं. त्यात लिहिलेलं असतं, ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे. अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाही.’ रांगेत मागे माणसं उभी असतात. आपण न वाचता सही करतो.

मग खरंच काही झालं तर? त्या सहीने आपला हक्क संपतो का?

आधी एक फरक लक्षात घ्या: धोका वेगळा, निष्काळजीपणा वेगळा

साहसी खेळात धोका असतोच. नदीला लाट येणार, वारा दिशा बदलणार, डोंगरावर पाय घसरणार. हा धोका माहीत असून तुम्ही गेलात, तर त्यापुरती जोखीम तुम्ही पत्करलेली असते. कायदाही हे मानतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये यासाठी तलवारबाजीचं उदाहरण आहे. दोन सज्ञान माणसं मजेसाठी आपापसांत तलवारबाजी करायला तयार झाली आणि नियमाने खेळताना एकाला इजा झाली, तर तो गुन्हा होत नाही. पण यात ‘नियमाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

फाटकं लाइफ जॅकेट, क्षमतेपेक्षा जास्त माणसं, हवामानाचा इशारा असताना पाण्यात उतरवलेली बोट, झिजलेला दोर, प्रशिक्षण नसलेला गाइड, हे काही खेळातले धोके नाहीत. हा निष्काळजीपणा आहे. तुम्ही लाटेला ‘हो’ म्हटलेलं असतं, फाटक्या जॅकेटला नाही.

जगभरातले कायदे याच रेषेवर उभे आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बर्फावरच्या स्कीइंगसाठी १९७९ पासून स्वतंत्र कायदा आहे. बर्फ, हवामान, झाडं, उतार हे खेळातलेच धोके मानले जातात आणि आपला वेग ताब्यात ठेवणं ही स्की करणाऱ्याची जबाबदारी असते. पण माणसांना वर नेणारी लिफ्ट चालवणं हे रिसॉर्टचं काम आहे. २०२२ मध्ये तिथे १६ वर्षांची एक मुलगी लिफ्टवरून खाली पडली आणि तिला कायमचं अपंगत्व आलं. तिच्या वडिलांनी आधीच ऑनलाइन हमीपत्र दिलेलं होतं. तरीही २० मे २०२४ रोजी कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, कायद्याने आणि सरकारी नियमांनी घालून दिलेली सुरक्षेची कर्तव्यं मोडली असतील, तर अशा हमीपत्राच्या आड लपता येणार नाही.

गुलमर्ग, औलीला स्कीइंग चालतं, पण भारतात स्कीइंगच्या जबाबदारीसाठी असा वेगळा केंद्रीय कायदा नाही. आपल्याकडे बोट असो, दोर असो की बर्फ, फौजदारी, ग्राहक आणि कराराचे नेहमीचे कायदेच लागू होतात.

मग त्या सहीची किंमत किती?

पहिली गोष्ट, हमीपत्राने फौजदारी गुन्हा माफ होत नाही. मृत्यूला कारणीभूत निष्काळजीपणा हा राज्याविरुद्धचा गुन्हा असतो. दोन माणसांनी कागदावर काही ठरवलं म्हणून पोलिसांचा तपास थांबत नाही.

दुसरी गोष्ट, १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने शून्य असतो. १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून हे पक्कं आहे. त्यामुळे कॉलेजच्या सहलीत अकरावी-बारावीच्या मुलाकडून घेतलेली सही कराराच्या दृष्टीने निरुपयोगी.

तिसरी गोष्ट, भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक हिताविरुद्धचा करार टिकत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अन्यायकारक करार’ ही स्वतंत्र संकल्पना आहे. ग्राहकाचे हक्क एकतर्फी मारणाऱ्या अटीविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

म्हणजे हमीपत्र अगदीच रद्दी का? नाही. धोका तुम्हाला आधी सांगितला होता, याचा तो पुरावा ठरतो. हृदयविकार, दमा, गरोदरपण अशी माहिती तुम्ही लपवली असेल, तर ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. म्हणून सही करायला हरकत नाही, पण वाचून करा आणि कागदाचा फोटो काढून ठेवा.

कोणकोण जबाबदार ठरू शकतं?

बोट चालवणारा: बोट बेदरकारपणे चालवणं (न्याय संहिता कलम २८२) आणि असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या बोटीतून भाडं घेऊन माणसं नेणं (कलम २८४) हे दोन्ही गुन्हे आहेत. दोन्हींत सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जीव गेला तर कलम १०६ लागतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधीच्या घटनांना जुनी भारतीय दंड संहिता लागू होते. तिच्यात निष्काळजीपणाने मृत्यूसाठी दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती.

मालक आणि आयोजक: बोट कोणाच्या नावावर आहे, पैसे कोणी घेतले, माणूस कामावर कोणी ठेवला, हे बघितलं जातं. नोकराच्या कामातल्या चुकीची भरपाई मालकाला द्यावी लागते.

शाळा, कॉलेज: २८ मे १९९५ रोजी पठाणकोटजवळच्या एका शाळेची १४ मुलं सहलीत बियास नदीत बुडाली. शाळेने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये द्यावेत, हा हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम ठेवला. मुलं सोबत नेली की त्यांची काळजी घेणं हे शाळेचं कर्तव्य, हा त्या निकालाचा गाभा.

परवानगी देणारी यंत्रणा: १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ठेकेदाराबरोबरच, ठेका देणाऱ्या महापालिकेच्या अधिकाऱ्यांच्या भूमिकेवरही प्रश्न विचारले.

आणि आपण स्वतः: ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथे तिकीट नव्हतं, आयोजक नव्हता. अशा ठिकाणी भरपाई मागायला समोर कोणी नसतं. आयोजक असला तरी, जॅकेट काढणं, दारू पिऊन पाण्यात उतरणं, सेल्फीसाठी होडीच्या एका बाजूला गर्दी करणं, यात तुमचीही चूक दिसली तर भरपाई कमी होऊ शकते.

महाराष्ट्रात नियम काय आहेत?

साहसी पर्यटनासाठी राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांना ते लागू आहे. आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं, प्रशिक्षित माणसं, योग्य साधनं आणि बचावाची तयारी ठेवणं अपेक्षित आहे.

इंजिनावर चालणाऱ्या बोटींसाठी केंद्राचा अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन हा आला. बोटीची नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधनं आणि विमा या गोष्टी त्यात येतात.

उजनीकाठी होडी चालवणारे अनेक जण मूळचे मच्छीमार आहेत. पक्षी दाखवणं हा त्यांचा हंगामी रोजगार. त्यांना हे कागद म्हणजे कटकट वाटू शकते. पण विमा नसलेल्या होडीचा अपघात झाला, तर भरपाईचा बोजा थेट त्या कुटुंबावर येतो. नोंदणी आणि विमा जितका पर्यटकासाठी, तितकाच होडीवाल्यासाठी आहे.

अपघात झालाच तर काय करायचं?

- आधी मदत. ११२ वर फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८.
- हॉस्पिटलमध्ये अपघात कुठे आणि कसा झाला ते नीट सांगा आणि तशी नोंद करून घ्या.
- तिकीट, यूपीआयचा मेसेज, व्हॉट्सॲपवरचं बुकिंग, हमीपत्र, साधनांचे आणि जागेचे फोटो जपून ठेवा. सोबतच्या माणसांचे नंबर घ्या.
- पोलिसांत तक्रार द्या. हद्द दुसरी असली तरी ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो.
- पैसे देऊन सेवा घेतली असेल, तर तुम्ही ग्राहक आहात. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती करता येते, म्हणजे सुप्यातला माणूस कोलाडच्या राफ्टिंगची तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करू शकतो. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.
- मृत्यू झाला असेल तर १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली वारस दिवाणी दावा करू शकतात. त्यालाही मुदत दोन वर्षांचीच.

एक गोष्ट वेगळी ठेवा. सरकारने जाहीर केलेली मदत म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. ती घेतल्याने आयोजकाविरुद्धचा हक्क संपत नाही.

बसण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. नोंदणी आहे का, कागद दाखवाल का?
२. बोटीची क्षमता किती, आणि आत्ता किती जण बसणार?
३. प्रत्येकाला, लहान मुलांनाही, मापाचं लाइफ जॅकेट आहे का?
४. आज हवामानाचा इशारा आहे का?
५. विमा कोणाचा आहे आणि त्यात पर्यटक येतो का?

उत्तर टाळलं गेलं तर उतरून या. गेलेले पैसे ग्राहक आयोगातून परत मिळू शकतात, गेलेला माणूस नाही.