'स्टेट' म्हणजे कोणते?

हातोदच्या आमच्या घरी वडीलधारी माणसे 'अमके स्टेटात नोकरीस होते' असे म्हणत, तेव्हा कोणते स्टेट, असे कोणी विचारीत नसे. होळकरांचेच! पुढे आम्ही राज्य शासनाच्या सेवेत शिरलो. इंग्रजीत तीही 'स्टेट'चीच नोकरी. पण ज्येष्ठांच्या लेखी आम्ही नुसते सरकारी.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ स्थिती. त्यावरून इंग्रजीत अवस्था, दर्जा, राज्य, राज्यसंस्था असे अर्थ निघाले. 'इस्टेट' हाही त्याचाच भाऊबंद. १८१८ च्या मंदसोर तहाने होळकर इंग्रजांचे अंकित झाले. अशा राज्यांना इंग्रजी दप्तरांत 'स्टेट' म्हणत. मराठीत त्याचे 'संस्थान' झाले. (आता नातवंडे 'संस्थान' म्हटले की सिमरोलच्या आयआयटीकडे बोट दाखवतात, ते निराळे!)

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत अस्तित्वात आला. होळकर स्टेट गेले, शब्द राहिला. राज्यघटनेत मध्य भारत हेही 'स्टेट'च, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्य प्रदेशही. घटनेच्या बाराव्या अनुच्छेदाने तर मूलभूत हक्कांपुरत्या स्थानिक संस्थाही 'स्टेट'मध्ये घेतल्या. म्हणजे आमची हातोदची नगर परिषदसुद्धा स्टेट!

सर्वांत मोठी फसगत बँकेच्या नावाने केली. तिसऱ्या तुकोजीरावांच्या सनदेने १९२० साली निघालेली बँक ऑफ इंदूर १९६० मध्ये 'स्टेट बँक ऑफ इंदूर' झाली. आमच्या आप्तांपैकी कित्येक त्यातले 'स्टेट' होळकरांचे मानून अभिमानाने खाते बाळगीत. वास्तविक होळकर स्टेट नांदत होते तेव्हा बँकेच्या नावात 'स्टेट' नव्हते. ते आले बारा वर्षांनी, बँक भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी झाली म्हणून. २०१० मध्ये ती मूळ बँकेत विलीन झाली आणि नावातून इंदूरच गेले.

ही गंमत नेहमीच निरुपद्रवी नसते. एका वृद्ध मराठी गृहस्थांनी कुटुंबाच्या जुन्या वास्तव्याचा पुरावा म्हणून आजोबांचा संस्थानकाळातला दाखला जोडला होता. त्यावर 'स्टेट सर्व्हिस' एवढेच होते. कार्यालयाने ती मध्य प्रदेशाची सेवा समजून १९५६ नंतरच्या नोंदी चाळल्या आणि 'आढळ नाही' असा शेरा मारला. दाखल्यावरचे साल कोणी पाहिले नाही. त्या शेऱ्याखाली सही आमची आहे.