विष्णुबुवांची बिनफीची शाळा

मिरजेचे नाव निघाले की बाहेरच्यांना तंबोरे-सतारी आठवतात, नाहीतर दवाखाने. गाणे शिकवण्याचा जो एक मोठा प्रयोग या गावातल्या विद्यार्थ्याने केला, तो मात्र आपल्यालाही शाळेत कुणी धड सांगितला नाही. आता आठवण्याचे कारण आपल्या बॅचचा ग्रुप. शाळेत मोफत गायन-तबला वर्ग सुरू करावा अशी सूचना आली, पटापट अंगठे उंचावले, आणि ‘मास्तरांना पैसे कोण देणार?’ असे एकाने विचारताच सगळे शांत!

विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म 1872 चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याच्या दारूने दृष्टी अधू झाली, म्हणून शाळेऐवजी गाणे. मिरज संस्थानच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. त्या काळी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि मर्जी सांभाळायची. फी नसे, पण ते फुकट होते असे मला वाटत नाही.

1896 मध्ये विष्णुबुवांनी मिरज सोडली. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. राजाच्या आमंत्रणाची गरज नाही, तिकीट काढा आणि ऐका. आज यात नवल वाटत नाही, तेव्हा गवयाने असे करणे धाडसाचे होते. पुढे 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते संस्थानिकाच्या मेहेरबानीवर नाही, तर लोकांच्या पैशावर चालवायचे होते.

त्यातला ‘उपदेशक वर्ग’ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाकीचे विद्यार्थी फी भरून शिकत. उपदेशक वर्गातल्या मुलांना राहणे, जेवण, शिक्षण सगळे मोफत, मात्र नऊ वर्षांचा करार. शिकायचे आणि तयार झाल्यावर शिकवायचे. (माझ्या पहिल्या नोकरीत दीड वर्षाचा बाँड होता, तर आम्ही केवढी कुरकुर केली होती!) गरीब घरातला मुलगा गाण्यात यायला दुसरी वाट फारशी नव्हतीच. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नावे याच परंपरेतली. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले आणि तिथली प्रार्थना त्यांनी सुरात बसवली.

हे पैसे यायचे कुठून? फी, जलसे, देणग्या आणि स्वरलिपीची पुस्तके. त्यासाठी बुवांनी स्वतःचा छापखाना काढला होता. 1908 मध्ये मुंबईला शाखा निघाली, सँडहर्स्ट रोडवर इमारत उभी राहिली. ती उभी राहिली कर्जावर. जलसे चालू होते तोवर निभावले. पुढे बुवांचा ओढा रामभक्तीकडे वाढला, मिळकत आटली, देणेकरी मागे लागले, आणि 1924 मध्ये इमारतीचा लिलाव झाला. बुवांना व्यवहार कळत नव्हता असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. एवढी माणसे एवढी वर्षे पोसणाऱ्याला व्यवहार कळतच होता. सगळा डोलारा एका गळ्याच्या कमाईवर उभा होता, हे खरे दुखणे.

21 ऑगस्ट 1931 रोजी ते मिरजेतच वारले. शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. 1932 मध्ये विनायकरावांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. इमारत गेली तरी शिकवणारी माणसे गावोगाव होती. आपल्यापैकी ज्यांनी प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा दिल्या, ते या मंडळाच्याच परीक्षांना बसले होते.

फुकट ऐकण्याची सोय मात्र मिरजेत वेगळ्याच दारी आहे. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. तिथे उरुसात मोठमोठे कलावंत येऊन हजेरी लावतात. तिकीट नाही, कुणीही जाऊन बसावे.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी जेवणानंतर अर्धा तास यासाठी ठेवू या. आधी शिक्षकाचे मानधन किमान तीन वर्षांचे बाजूला काढायचे, आणि तेही एकाच्या खिशातून नको, निदान वीस जणांच्या. तबले-पेटी त्यानंतर. आपल्याच गावात ती बनवणारे आणि दुरुस्त करणारे आहेत.