जुहूची वाट आणि तिचा माग

इ. स. १९३२ च्या ऑक्टोबरची १५ तारीख. कराचीहून सकाळीं निघालेलें एक लहानसें पुस मॉथ विमान अहमदाबादेस थांबून दुपारीं जुहूच्या मैदानावर उतरलें. विमानांत टपालाच्या थैल्या होत्या आणि चालक होते जे. आर. डी. टाटा. वाट सांगणारें बिनतारी यंत्र त्यांच्यापाशीं नव्हतें. खालची भूमि न्याहाळावी, ती नकाशाशीं ताडून पाहावी आणि पुढें जावें, हाच त्या काळचा परिपाठ होता. आपण या घटकेस कोठें आहोंत, हा प्रश्न वैमानिकाला क्षणोक्षणीं सोडवावा लागे.

त्याच प्रश्नाचें उत्तर आज जुहूच्या चौपाटीवर फिरावयास आलेल्या माणसाच्या खिशांत असतें. अमेरिकेनें १९७८ मध्यें पहिला उपग्रह सोडून आरंभिलेली जीपीएस व्यवस्था १९९५ मध्यें पूर्ण झाली. सुमारें २० हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह आपली वेळ कळवितो. ती पोंचण्यास लागलेल्या विलंबावरून अंतर निघतें, आणि निदान चार उपग्रहांचीं अंतरें मिळालीं कीं ठिकाण ठरतें. नागरी उपयोगाच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली, तेव्हां हें साधन सामान्य माणसाच्या खऱ्या कामाचें झालें.

‘मी कोठें आहें’ हें कळूं लागल्यावर ‘लोक कोठें जातात’ हा प्रश्न ओघानेंच आला. रस्ते, पूल आणि लोहमार्ग कोठें बांधावे याचा निर्णय याच प्रश्नावर अवलंबून असतो. पूर्वीं त्यासाठीं घरोघर जाऊन विचारपूस करीत. मुंबई महानगर प्रदेशाचा २००८ मध्यें पुरा झालेला वाहतूक अभ्यासहि मुख्यत्वें अशाच विचारपुशीवर उभा होता. पण माणसाची आठवण मोठी लबाड असते. जुहूच्या गृहस्थाला विचारलें तर ‘गाडीनें चर्चगेटला जातों’ एवढेंच तो सांगेल. घरापासून बसथांब्यापर्यंतची चाल, विलेपार्ल्यापर्यंतची बस आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतची पायपीट त्याच्या हिशेबांतच नसते. गृहिणीची भाजीबाजाराची फेरी तर पुष्कळदां कोणी प्रवासांत धरीतच नाहीं.

१९९६ मध्यें अमेरिकेंतील लेक्झिंग्टन शहरीं सुमारें १०० कुटुंबांच्या मोटारींत जीपीएस यंत्रें बसवून हा मार्ग प्रथम अजमावण्यांत आला. लोकांनीं सांगितलेला प्रवास आणि यंत्रानें टिपलेला प्रवास ताडून पाहतां आला. परंतु यंत्र मोटारींत होतें. पायीं चालणारा त्यांतहि निसटलाच. पुढें यंत्र लहान होऊन माणसाच्या अंगावर आलें, तेव्हां कोठें त्याचीं पावलें मोजलीं गेलीं.

तरीहि यंत्र सर्वज्ञ नव्हे. उंच इमारतींच्या गर्दींत संदेश भिंतींवरून परावर्तित होऊन ठिकाण चुकतें. गर्दीच्या वेळीं रखडणारी बस आणि पादचारी यांची गति सारखीच दिसते. शिवाय माणूस देवळांत गेला कीं शेजारच्या दवाखान्यांत, हें यंत्राला कळत नाहीं. तें माणसालाच विचारावें लागतें. ज्याच्यापाशीं फोन नाहीं, तो तर या नकाशांतून अजीबात गळतो. तो मोजला गेला नाहीं, तर त्याच्या वाटेवर पदपथ कोण बांधणार?

उलट बाजूस जो मोजला जातो, त्याचेंहि भय असतें. रोज रात्रीं माग ज्या दारीं थांबतो तें त्याचें घर. एवढ्यावरून नांव वगळलेला माणूसहि ओळखतां येतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यामुळें अशा मागाच्या नोंदींनाहि मर्यादा हवी, या मागणीला बळ आलें.

१९३२ मध्यें जुहूस उतरलेल्या वैमानिकाला आपलें ठिकाण स्वतःलाच कळावयास हवें होतें. आज तें दुसऱ्यालाहि कळतें. त्या ज्ञानांतून चालणाऱ्याला सुखाची वाट मिळाली आणि त्याच्या घराचें दार मात्र त्याचेंच राहिलें, तरच माग काढण्याची ही विद्या सार्थकीं लागली असें म्हणतां येईल.