कचेऱ्यांचा दुभाष्या



हिंगोली, कळमनुरी, वसमत या बाजूच्या एखाद्या जुन्या घरातली पत्र्याची पेटी उघडून पाहा. तळाशी एखादा उर्दू कागद निघेल. त्यावरचा सन फसली. त्यात ५९० मिळवावेत तेव्हा इसवी सन जुळायचा. रक्कम हाली शिक्क्यात. सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार मिळायचे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. पेटीतला कागद मात्र तसाच राहिला. उर्दू जाणणारा कारकून गाठल्याशिवाय आपल्याच रानाचा दाखला आपल्याला वाचता येईना!

तो कारकून काय करी? भाषा बदली, सन बदली, नाणे बदली. आशय तेवढा तोच ठेवी. संगणकाच्या जगात हेच काम करणाऱ्या व्यवस्थेला ‘एंटरप्राइझ सर्व्हिस बस’ म्हणतात. ही बस एस.टी.ची नव्हे, मात्र दोन्ही शब्दांचे मूळ एकच, ‘सर्वांसाठी’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द. दहा कचेऱ्यांनी एकमेकींकडे वेगवेगळ्या वाटा पाडायच्या म्हटल्या तर पंचेचाळीस वाटा होतात. मधून एक हमरस्ता काढला की दहा पुरतात. त्या रस्त्यावरचा दुभाष्या एकीचा कागद दुसरीला समजेल असा करून पोहोचवतो, आणि पलीकडची खिडकी बंद असली तर सांभाळून ठेवतो.

आपल्या कामाचे उदाहरण घ्या. खरेदीखत नोंदले की त्याची वर्दी तलाठी व तहसीलदाराला द्यावी, असे जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५४ मध्ये आहे. कायदा चांगलाच, पण वर्दी कागदावर, आणि कागद गठ्ठ्यात. तोवर सातबाऱ्यावर नाव जुनेच. तेवढ्या फटीत तेच रान दुसऱ्यालाही विकता येई. ई-फेरफार योजनेत दस्त नोंदला की दुय्यम निबंधकाकडची माहिती संगणकातूनच फेरफाराच्या नोंदीसाठी जाते. त्या बसचीच ही जवळची बहीण. १ मे २०१८ पासून तर डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला.

गुरुजनहो, तुमचा एखादा विद्यार्थी ही विद्या शिकू म्हणाला, तर त्याला आधी यंत्राकडे धाडू नका. दोन कचेऱ्यांचे दोन नमुने शेजारी मांडायला सांगा. एकीकडे ‘मारोती’, दुसरीकडे ‘मारुती’. एकीकडे एकर-गुंठे, दुसरीकडे हेक्टर-आर. कोणता रकाना कोणत्या रकान्यात जायचा, हे ठरविण्यातच निम्मे काम आहे. मग सॉफ्टवेअर. ‘म्यूल’ नावाचे एक प्रसिद्ध आहे. म्यूल म्हणजे खेचर, नाव शोभते खरे. खोटा दस्त एका बाजूने पाठवावा, दुसरी बाजू मुद्दाम बंद ठेवावी, आणि ती उघडल्यावर दस्त पोहोचतो का ते पाहावे. तोच दस्त दोनदा गेला तर नोंद एकच व्हावी, हेही तपासावे. ही परीक्षा टाळणाऱ्याच्या हाती कोणाच्या जमिनीची नोंद देऊ नये, असे मला वाटते.

खेचर ओझे पोहोचवते, खरेखोटे करीत नाही. फेरफार मंजूर करतो तो मंडळ अधिकारी. त्याआधी नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. तेव्हा नोटीस आली तर ती घडी घालून पेटीत टाकू नका. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जा, नाव आणि क्षेत्र वाचून घ्या, आणि चूक असली तर लेखी हरकत देऊन पोच घ्या.