किल्लारीनंतरचं घर: दोष मातीचा होता की बांधणीचा?

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "इतिहास म्हणजे फक्त किल्ले आणि लढायाच का?" अजिबात नाही. आज घराचा इतिहास. मुद्दाम हाच विषय घेतला, कारण आमच्या घरी सध्या यावरूनच वाद पेटलाय. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात नवं घर बांधायचं ठरलंय. बहिणीला ते पर्यावरणपूरक हवंय: दगड, माती, कमी सिमेंट. वडिलांना सरळ आरसीसी स्लॅब हवाय. आणि आजीचं एकच वाक्य आहे, "काहीबी बांधा, पर डोक्यावर माती नगं."

आजी हे का म्हणते, ते समजून घ्यायला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेत जावं लागतं.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. केंद्र किल्लारीजवळ, तीव्रता सुमारे ६.२. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत काही सेकंदांत गावंच्या गावं सपाट झाली. जवळपास दहा हजार माणसं गेली. ५२ गावं नंतर नव्या जागी वसवावी लागली.

आता एक गोष्ट नीट ऐका. जगाच्या हिशेबात ६.२ हा फार मोठा भूकंप नाही. मग इतकी माणसं का गेली? एक कारण वेळ: सगळे घरात झोपलेले. दुसरं कारण म्हणजे घरं.

आपल्याकडचं जुनं घर आठवा. बाहेर ढाळज, मग अंगण, ओसरी, आत अंधाऱ्या थंडगार खोल्या, धान्यासाठी बळद. भिंती काळ्या दगडाच्या, दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहून जास्त. वर लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. हे आपलं माळवद. उजेडासाठी मधे एक साणं. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना आत पंख्याशिवाय झोप लागायची. वातानुकूलन हा शब्दही माहीत नव्हता तेव्हाची ही सोय. आणि सामान सगळं शिवारातलं: दगड, माती, लाकूड. आज ज्याला आपण 'सस्टेनेबल' म्हणतो, ते आपले पणजोबा नाव न देता करत होते.

मग घोळ कुठे झाला?

पहिला घोळ छतावर. माळवद गळायला लागलं की पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची. जुनी मात्र कोण काढणार? असं दोन-तीन पिढ्या चाललं की थर दीड-दोन फुटांवर जातो. साधा हिशेब करा. १० बाय १० ची खोली, वर दीड फूट माती, म्हणजे सुमारे ४ घनमीटर. वजन झालं जवळजवळ ७ टन! त्याच खोलीवर ५ इंची काँक्रीटचा स्लॅब टाकला तर तो ३ टनांच्या आसपास भरतो. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर भरलेला ट्रक उभा होता, फक्त तो दिसत नव्हता.

दुसरा घोळ भिंतीत. बाहेरून भिंत एक वाटायची, पण आत ती दोन होती: एक बाहेरच्या अंगाची, एक आतल्या अंगाची, आणि मधे माती व दगडाच्या खापऱ्या. दोघींना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. दगडही अनघड, गोलसर. जमीन हलली तशा दोन्ही भिंती एकमेकींपासून सुटल्या आणि ढासळल्या. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे काही घरांत भिंती पडल्या तरी छत खांबांवर उभं राहिलं. म्हणजे त्याच गावात, त्याच रात्री, त्याच मातीच्या घरांत फरक पडला तो बांधणीने.

तिसरी गोष्ट गाफीलपणाची. तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. खरं तर ऑक्टोबर १९९२ मध्येच किल्लारी परिसरात धक्के बसले होते, जमिनीतून आवाज येत होते. पण घरं कशी तपासायची, कशी मजबूत करायची, हे गावातल्या गवंड्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे २००२ च्या भारतीय मानकात हा भाग झोन ३ मध्ये आला.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचं मोठं काम झालं. नव्या गावांत सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, काँक्रीट. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं. लोकांना छत मिळालं, ही मोठी गोष्ट होती. पण बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, भावकी कुठे बसायची, हे त्या नकाशात मावलं नाही. कित्येकांनी नंतर पुढे-मागे पत्र्याची शेड काढून आपलं अंगण परत मिळवलं.

याशिवाय हजारो गावांत घरं पाडली नाहीत, दुरुस्त करून मजबूत करायची होती. आमचं गाव यात होतं. या कामात बाया पुढे आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. सरकारी मदत काय, बांधकाम कसं तपासायचं, हे त्या घरोघरी सांगायच्या. ज्या बाईला घराचा नकाशा कधी कुणी विचारला नव्हता, ती आता गवंड्याला प्रश्न विचारत होती.

पण एक गोष्ट मनात घट्ट बसली: दगड-माती म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे जीव वाचला. आजीचं वाक्य तिथून आलंय, आणि मी तिला चूक म्हणणार नाही. ती ज्या घरांतून माणसं काढताना बघत उभी होती, तिथे मी नव्हतो.

पण सिमेंट म्हणजे आपोआप सुरक्षा, हेही खरं नाही. खांबांत सळई कमी, रेती मातकट, पाणी मारलं नाही, तर ते काँक्रीटही दगा देतं. १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला तेव्हा मी नांदेडला तिसऱ्या मजल्यावर होतो. चप्पल न घालता खाली पळालो. दहा मिनिटांत आजीचा फोन. पहिला प्रश्न, "भिंतीला तडा गेला का?" माझ्या मनात आलं, ही बिल्डिंग कुणी तपासलीय का? मला माहीतच नव्हतं.

तर मग घर बांधायचं कसं? अभियंत्याशी बसून आम्ही ठरवलेलं थोडक्यात सांगतो.

पाया काळ्या मातीवर नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडे देते. ती काढून खाली पक्का मुरूम लागेपर्यंत जायचं. दगड वापरायचा, पण घडीव, आणि आरपार दगड ठरलेल्या अंतराने: उंचीत दर २ फुटांवर, लांबीत दर ४ फुटांवर. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळई घातलेली काँक्रीटची सलग पट्टी, घराला कमरपट्टा बांधावा तशी. आतल्या भिंतींना मुरमाच्या दाबलेल्या विटा, थोडं सिमेंट मिसळून. छत हलकं.

आणि पाणी! लातूरकरांना आठवण करून द्यायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आपल्यासाठी रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीत ५ लाख लिटर, पुढे एका गाडीत २५ लाख. आता बघा, वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर १००० चौरस फुटांच्या छतावरून, गळती-नासाडी वजा जाता, साधारण ६० हजार लिटर पाणी धरता येतं. म्हणून आमच्या नकाशात टाकी आधी काढली, दिवाणखाना नंतर.

गेल्या रविवारी हे सगळं आजीला कागदावर काढून दाखवलं. तिने पट्टीच्या रेघेवर बोट ठेवलं. "हे समदीकडनं फिरतंय का?" म्हटलं, हो. "मधी कुठं तुटत न्हाई ना?" नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काम चालू झालं की मी तिथं खुर्ची टाकून बसणार. गवंड्यानं आरपार दगूड घातला का न्हाई, मी मोजणार."

होकार आहे की अट, ते अजून कळलेलं नाही. पण खुर्ची आम्ही बाजूला काढून ठेवलीय.

तुमच्या घरात माळवद अजून असेल तर वर किती माती आहे ते एकदा बघून घ्या, आणि घरातल्या जाणत्या माणसाला त्या पहाटेबद्दल विचारा. सांगायची इच्छा असेल तर ऐका, नसेल तर नुसतं शेजारी बसा. भेटू पुढच्या भागात!