फी की पगार?

दूरदर्शनचा इतिहास बहुधा पडद्यावर दिसलेल्या मंडळींचा लिहिला जातो. त्यात वावगे काही नाही. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचे लक्ष मात्र कॅमेऱ्यामागे उभे राहणाऱ्यांकडे आधी जाते. त्या हातांना महिनाअखेर काय मिळत होते, आणि कोणत्या नावाने मिळत होते? ज्या तरुणांना आज छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, संकलन यांत आयुष्य काढावयाचे आहे, त्यांनी ही हकीकत जाणून घ्यावी.

दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रक्षेपण सुरू झाले ते आकाशवाणीच्या पदराखाली. दोन्ही संसार निराळे झाले १ एप्रिल १९७६ रोजी. तोवर आकाशवाणीची एक प्रथा दूरदर्शनच्या वाट्याला येऊन गेली होती, ती ‘स्टाफ आर्टिस्ट’ची. निर्माता, निवेदक, वादक, कॅमेरामन अशांना सरकारी नोकर न म्हणता ‘कलावंत’ म्हणावयाचे, मुदतीच्या करारावर ठेवावयाचे आणि पगाराऐवजी ‘फी’ द्यावयाची! हजेरी, वरिष्ठ, शिस्त सारे नोकराचे. शाश्वती तेवढी नोकराची नाही. गिरणगावातल्या बदली कामगाराला ही तऱ्हा समजावून सांगावी लागणार नाही. गिरणीत त्याला निदान कलावंत म्हणून हार तरी घालीत नसत.

मुंबई केंद्र वरळीला २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘आमची माती, आमची माणसं’ ही नावे ज्यांच्या घरी संच नव्हता त्यांनाही ठाऊक झाली, कारण संच शेजारी असे आणि दार उघडे असे. हे काम शिकविण्याची सोयही सरकारनेच केली. पुण्यास प्रभात कंपनीच्या जुन्या जागेत १९६० साली चित्रपट संस्था निघाली होती. दूरचित्रवाणीचा शिक्षण विभाग १९७१ साली दिल्लीत सुरू होऊन १९७४ मध्ये तेथे आला. म्हणजे कसब शिकविले गेले, राबविले गेले, वाखाणलेही गेले. प्रश्न दर्जाचा उरला.

तो सुटावयास दशक लागले. १९८२ साली सरकारने स्टाफ आर्टिस्टांना नियमित सरकारी नोकर करण्याची योजना काढली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशवाणीचे स्टाफ आर्टिस्ट हे नागरी पदच धारण करतात, असे मानले. आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९८८ चा वाय. के. मेहता खटल्याचा निकाल. दूरदर्शनचे कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, प्रकाशयोजनेतले कामगार म्हणत होते की, फिल्म्स डिव्हिजनमध्ये हेच काम करणाऱ्यास अधिक वेतन का? खाते एकच, यंत्रे तीच, घामही तोच. न्यायालयाने समान कामाला समान वेतन मान्य केले. व्याख्यानांतून या निकालाचा उल्लेख क्वचितच होतो, याचे आम्हांला नवल वाटते.

परंतु याच सुमारास वारे फिरले होते. १९८४ साली ‘हम लोग’ने प्रायोजित मालिकांचे युग आणले, १९९२ साली झी वाहिनी सुरू झाली आणि मागोमाग खाजगी वाहिन्यांची रांग लागली. कामे वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मराठीच्या कितीतरी मुलामुलींना त्यामुळे संधी मिळाली. मात्र रोजगार पुन्हा रोजावर आला, आणि रोजही तीन तीन महिन्यांनी हाती पडू लागला. १ ऑक्टोबर २००८ पासून मुंबईच्या चित्रपट-मालिका कामगारांच्या महासंघाने काम थांबविले ते थकलेली मजुरी आणि लांबलेले तास यांसाठीच. नोव्हेंबरात पुन्हा तंटा पेटला, तेव्हा वाहिन्यांवर जुने भाग दाखविण्याची पाळी आली. कोट्यवधी घरांना त्या दिवसांत कळले की, मालिका आपोआप तयार होत नाही.

१९८१ च्या सिने कामगार कायद्याने लेखी कराराची सक्ती केली होती. पण तिची व्याख्या कथाचित्रपटापुरती. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यवसाय सुरक्षा संहितेत ‘दृक्‌श्राव्य कामगार’ हा शब्द आला आणि दूरचित्रवाणी व वेब मालिका त्यात स्पष्टपणे धरल्या गेल्या. ‘फी’च्या पडद्याआड झाकलेल्या माणसाला कायद्याने कामगार म्हणावयास दिल्लीच्या त्या पहिल्या प्रक्षेपणापासून एकसष्ट वर्षे लागली.