मुंबईतील कुत्र्यांचा दंगा

शेजारचा कुत्रा रात्रभर भुंकला, त्याने जिन्यात घाण केली, तो पोरांच्या अंगावर धावून गेला, एवढ्या कारणावरून दोन बिऱ्हाडांत कायमचे वाकडे येते. भोपाळच्या साकेत नगरासारखी वसाहत असो की गिरगावातील जुनी चाळ असो, तक्रार सारखीच. मग नियम करा, बंदोबस्त करा, असा घोष सुरू होतो. असा नियम कसा करू नये, हे मुंबईने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी अनुभवले आहे. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

साल १८३२. त्याच वर्षी ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघू लागले होते. गव्हर्नरच्या जागी अर्ल ऑफ क्लेअर होते. मुंबईत बेवारशी कुत्र्यांचा सुळसुळाट झाला होता. लोकांना त्यांचे भय वाटे आणि ते भय खोटे नव्हते. पिसाळलेला कुत्रा चावला तर त्या काळी इलाज नव्हता. पाश्चरची लस माणसास प्रथम टोचली गेली ती १८८५ साली. उन्हाळ्यात ठराविक मुदतीपर्यंत बेवारशी कुत्री मारण्याची मुभा पोलिसांच्या नियमांत पूर्वीपासूनच होती. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली. मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत.

सारा घोटाळा या आठ आण्यांत होता. बक्षीस मिळावयाचे ते मेलेल्या कुत्र्याच्या संख्येवर. तो पिसाळलेला होता की शहाणा, बेवारशी होता की कोणाच्या दारचा, याची चौकशी करण्यात मारणाऱ्याचा काहीच लाभ नव्हता. साहजिकच पाळीव कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. ज्यांच्या दारांतून ती नेली जात, त्यांत पारशी कुटुंबे पुष्कळ होती. पारशी धर्मात कुत्र्यास पवित्र मानतात. मृताच्या अंत्यविधीतही कुत्र्याची दृष्टी मृतदेहावर पडावी लागते. या विधीला 'सगदीद' म्हणतात. आपल्या अंमलदारांना ही गोष्ट ठाऊक नसेल असे नाही. पण नियम करताना कोणाला विचारावयाचे असते, हे त्यांच्या गावीही नव्हते.

६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस. त्याच दिवशी कुत्री मारणारे शिपाई कोटात आले आणि जमाव त्यांच्यावर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर काही हिंदू, जैन आणि मुसलमानही हरताळात उतरले. लष्कराकडे जाणारी रसद अडविली गेली, तेव्हा सरकारचे धाबे दणाणले. दंगाविरोधी कायदा वाचून दाखविण्यात आला, सैन्य रस्त्यावर आले आणि पुष्कळ लोक पकडले गेले. शिपायांना मारहाण करणे हे काही समर्थनीय नव्हे. ते पोटासाठी हुकूम बजावीत होते, आणि मार पडला तो हुकूम काढणाऱ्यास नव्हे, त्यांना!

रस्त्यावर सरकारने बाजी मारली. पण कुत्र्यांचा प्रश्न होता तेथेच राहिला. तो पुढे सरकला तो शहरातील शेट मंडळींच्या मध्यस्थीने. कुत्री मारण्याऐवजी अन्यत्र हलवावीत, असा त्यांचा आग्रह होता. पण हलवावयाची कोठे? आणि त्यांना पोसावयाचे कोणी? या दोन प्रश्नांचे उत्तर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी दिले. एक पारशी, दुसरे जैन. १८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी कापूस, साखर अशा मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लाग बसवून घेतली. आठ आण्यांच्या बक्षिसाने दंगा पेटला. या लागेतून उभी राहिलेली संस्था मात्र आजही चालू आहे.

त्यानंतर काळ पालटला. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या करदात्यांना नगरपालिकेवर आपले प्रतिनिधी निवडता येऊ लागले. जनावराच्या बाबतीत मालकाने हयगय केली तर त्यास शिक्षा आहे. १८६० च्या दंडसंहितेतील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. दंडाची मर्यादा तेवढी एक हजारावरून पाच हजार रुपये झाली. बेवारशी कुत्र्यांची नसबंदी करून, लस टोचून त्यांना मूळ जागी सोडावे, असे २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनी सांगितले. तरी वाद मिटला नाही. दिल्लीतील सर्व भटकी कुत्री उचलून आश्रयस्थानांत ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. त्यावर गदारोळ उठला आणि २२ ऑगस्टला तो सौम्य करण्यात आला. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये यांच्या आवारांपुरता पुन्हा कडक आदेश निघाला. प्रत्येक वेळी मुंबईतलेच ते दोन प्रश्न पुढे आले: ठेवावयाची कोठे, आणि खर्च कोणाचा?

म्हणून आपल्या वसाहतीत कुत्र्यांविषयी नियम करावयास बसाल तेव्हा, श्रोतेहो, ज्याची झोप मोडते आणि ज्याच्या दारी कुत्रा आहे, त्या दोघांनाही एकाच सतरंजीवर बसवा. कुत्र्यास साखळी कोणी लावावयाची, घाण कोणी उचलावयाची आणि बेवारशी कुत्र्यास लस टोचण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे तेथेच ठरवा. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत एवढे झाले असते, तर बाजार बंद पडला नसता.